बोलेरो पिकअपचं रेडियम काम : केशरी जुळवायच्या नोंदी

१२ एप्रिल

मोठं काम आलं. शेंदुरजनाघाटच्या एका नर्सरीवाल्या भाऊंनी नवी पांढरी बोलेरो पिकअप घेतली, तिची दोन्ही दारं, डाल्याच्या दोन्ही बाजू अन् मागचा फाळका करून पाहिजे. त्यांचा आधीचा एक छोटा हत्ती (टाटा एस) आहे, त्यावर आमच्या काकाजींनी ब्रशनं नाव काढलेलं, केशरी पट्टा अन् हिरवी अक्षरं. भाऊंचं म्हणणं एवढंच, "दोन्ही गाड्या एका घरच्या दिसल्या पायजे." पाऊस पडला की कलमांची विक्री सुरू होते, आपल्याकडची संत्र्याची रोपं पार मध्य प्रदेश-राजस्थानपर्यंत जातात, तेव्हा गाडी घरी थांबतच नाही, म्हणून मे महिन्यात संपवायचं ठरलं.

आतापर्यंत माझं काम म्हणजे रेडियम, म्हणजे चिकटणारं रंगीत व्हिनाईल, कापून बाईकवरची नावं, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोरांची नावं, दुकानाच्या काचा. गिऱ्हाईक लाल म्हणते, आपण लाल रीळ लावतो, विषय संपला. असलेल्या रंगाला रंग जुळवून द्यायचा हे पहिल्यांदाच आहे म्हणून लिहून ठेवून राहिलो.

१३ एप्रिल

दोन्ही गाड्या शेजारी लावून पाहिल्या. हत्तीवर केशरी एक नाहीच, तीन आहेत. गाडी नेहमी एकाच तोंडानं अंगणात उभी राहते, त्यामुळे पश्चिमेकडची बाजू दुपारचं ऊन खाऊन पार फिक्की जर्दाळू झाली, दुसरी बाजू बरी आहे, अन् फाळका खाली पाडून बिजागरीच्या मागं पाहिलं तर तिथं मूळचा रंग अजून तसाच, चांगला तांबूस, ओला वाटावा असा. बोटानं फिक्क्या बाजूला घासलं तर बोटाला केशरी पावडर लागते. म्हणजे वरचा थर नुसता उडालाच नाही, पिठूळ झाला.

मग जुळवायचं कशाला? भाऊ म्हणतात जे दिसते त्याला. मी म्हटलं दिसते त्यातलं कोणतं? पश्चिमेकडच्याला जुळवलं तर पूर्वेकडचं वेगळं दिसेल, अन् उडालेल्या रंगाला कोड नसतो, उद्या दार ठोकलं अन् एक तुकडा परत लावायचा म्हटलं तर तो रंग कोणाच्याच दुकानात मिळणार नाही. त्यातून नवं रेडियमही उन्हात उतरणारच आहे. आज फिक्का लावला तर तो उद्या आणखी फिक्का.

रात्री काकाजींना विचारलं. त्यांनी डीप ऑरेंजमध्ये गोल्डन यलो टाकला होता, किती ते आठवत नाही, "हात थांबला तवा थांबलो." ऑइलपेंटच्या डब्यांवरची ही नावं, सिग्नल रेड, पोस्ट ऑफिस रेड, गोल्डन यलो, ही कंपनीची नाहीत, आय एस ५ म्हणून भारतीय मानक आहे त्यातली आहेत, म्हणून कोणत्याही कंपनीचा डबा घेतला तरी नाव तेच सापडते. पण मिसळलेला रंग म्हटला की मानक संपलं.

१४ एप्रिल

जयंती. दिवसभर निळं कापून राहिलो, रीळ संपली. पिकअपचं काही नाही.

१७ एप्रिल

आज मालाचा विचार. दुकानात जे लोकल रेडियम आहे, ज्याच्या मागच्या कागदावर काहीच छापलेलं नसते, ते या कामाला चालणार नाही, हे बाजारातल्या गाड्या पाहूनच कळते. मोर्शी रोडवर उभ्या असलेल्या एका दुधाच्या गाडीची अक्षरं जवळून पाहिली. प्रत्येक अक्षराच्या भोवती दोरीएवढी काळी कड. ती डिझाइनमधली नाही. रेडियम आकसलं, त्याखालचा गोंद उघडा पडला अन् त्यावर रस्त्याची धूळ बसली. दुरून वाटते आऊटलाइन केली.

हे होते कशानं ते समजून घेतलं. साधं व्हिनाईल कॅलेंडर्ड असते, म्हणजे पीव्हीसीचा गरम लगदा रुळांमधून दाबून ओढून पातळ करतात. ओढलेला असल्यामुळे त्याला मागं जायची ओढ राहते, उष्णता लागली की ते परत आखडू पाहते. त्यातही दोन, मोनोमेरिक अन् पॉलिमेरिक, फरक प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या रसायनाचा. मोनोमेरिकमधलं ते रसायन लवकर बाहेर निघून जाते, मग रेडियम कडक होते, आकसते, तडकते. पॉलिमेरिकमधलं टिकून राहते. अन् तिसरं म्हणजे कास्ट. ते पातळ द्रावण कागदावर ओतून भट्टीत सुकवतात, ओढलंच नाही तर आकसणार कशाला, शिवाय ५०-६० मायक्रॉनच जाड, म्हणून खाचेत, रिव्हेटवर, वळणावर बसते. भाव मात्र साध्याच्या कितीतरी पट.

पिकअपचं दार बऱ्यापैकी सपाट आहे. पण डाल्याच्या पत्र्याला उभ्या नाळ्या (खाचा) आहेत, अन् पट्टा त्या नाळ्यांवरून आडवा जाणार. कॅलेंडर्ड तिथं आज बसेल अन् चार कडक उन्हं झाली की नाळीच्या तळातून सुटून ताणलेल्या तंबूसारखं वर उभं राहील. तिथं कास्टच.

डब्यावर वर्षं लिहिलेली असतात त्याचाही एक घोळ आहे. पाच, सात, दहा वर्षं हा आकडा उभ्या पृष्ठभागासाठी असतो अन् तोही बहुतेक युरोपसारख्या हवेतला. बॉनेटसारखी आडवी जागा असेल तर आयुष्य खूप कमी धरायचं. अन् वरूडचा मे महिना कोणत्या तक्त्यात बसवायचा ते आपणच ठरवायचं. मी भाऊंना वर्ष सांगितलंच नाही, एवढंच म्हटलं की बॉनेटवर काही लावायचं नाही.

१९ एप्रिल

भाऊंनी व्हॉट्सअॅपवर जुन्या गाडीचे फोटो पाठवले, त्यांच्या पोरानं वेगळ्या फोननं काढून वेगळे पाठवले. एकात पट्टा भगवा, एकात टमाट्यासारखा. गाडी तीच, वेळ तीच. फोन स्वतःच पांढरं ठरवतो अन् त्या हिशोबानं बाकी सगळे रंग हलवतो, वरून "छान" करायला रंग चढवतो. फोटोवरून रंग निवडायचाच नाही. व्हिजिटिंग कार्डावरूनही नाही, ते छापलेलं आहे, त्यातलं केशरी म्हणजे गुलाबीसर मजेंटा अन् पिवळ्याचे ठिपके.

त्यावरूनच अमरावतीचा मित्र म्हणाला, एवढी डोकेफोड कशाला करतो, सगळंच प्रिंट कर अन् चिकटव. विचार केला त्याचा. पण चार शाईच्या प्रिंटला सगळ्यात जड जाणारा रंग कोणता तर केशरीच, भडक, स्वच्छ केशरी त्या चार शाईतून निघत नाही, मळका निघतो. रंगीत व्हिनाईलमध्ये रंगद्रव्य मालातच घोटलेलं असते, त्याची चमक प्रिंटला येत नाही. प्रिंटला लॅमिनेशन लागते, त्याआधी शाईतलं सॉल्व्हंट उडायला निदान एक दिवस मोकळं ठेवावं लागते. फाळक्यावर संत्र्याचं चित्र पाहिजे म्हणतात भाऊ, ते प्रिंट केलं तर त्यातलं केशरी अन् शेजारच्या पट्ट्यातलं केशरी यांचं भांडणच दिसणार. म्हणून ठरवलं की फळ त्याच केशरीतून कापायचं, गोल आकार, मधे फोडींच्या पांढऱ्या रेषा मोकळ्या सोडायच्या, अन् हिरवं पान.

२२ एप्रिल

नागपूरहून शेडकार्ड आणलं, छापलेलं नाही, खऱ्या मालाचे तुकडे चिकटवलेलं. छापलेलं कार्ड फुकट मिळते पण ते कागदावरच्या शाईचं कार्ड आहे, रेडियमचं नाही. हे पाकिटात बंद ठेवायचं, काउंटरवर उघडं राहिलं तर तुकडेच उतरतात.

ओराकल ६५१ या रेडियमच्या कार्डात आपल्या कामाचे केशरी : ०३४ ऑरेंज, ०३५ पेस्टल ऑरेंज, ०३६ लाइट ऑरेंज, ०४७ ऑरेंज रेड. नावावर जायचं नाही, पेस्टल म्हटलं म्हणून काही फिक्कं नाही ते, चांगलं भडक आहे. काही मोठ्या कंपन्या ब्रोशरमध्ये राल नंबर मागतात, ती रंगांना नंबर द्यायची जर्मनीतली पद्धत, १९२७ मध्ये ४० रंगांवर सुरू झालेली, राल २००४ म्हणजे प्युअर ऑरेंज वगैरे. आपल्या गिऱ्हाइकाकडे असा नंबर नसतोच, त्याच्याकडे बिजागरी असते.

२४ एप्रिल

कार्ड घेऊन नर्सरीत गेलो. भाऊ कलमांमध्ये उभे, तिथंच कार्ड हातात घेतलं अन् दोन मिनिटात बोट ठेवलं, "हाच." ०३६. मी वर पाहिलं, हिरवी शेडनेट. खाली सगळा उजेड जाळीतून गाळून हिरवट येऊन राहिला, भाऊंचा पांढरा शर्टसुद्धा पोपटी दिसत होता. हिरव्या उजेडात तांबूस केशरी मळकं दिसते अन् पिवळसर केशरी उठून दिसते, म्हणून त्यांना तोच आवडला. म्हटलं भाऊ, जरा बाहेर येता का. आंब्याच्या सावलीत आलो तर तिथंही पानांतून आलेला उजेड. शेवटी गोडाऊनच्या उत्तरेकडच्या भिंतीच्या सावलीत, मोकळ्या आभाळाखाली कार्ड धरलं. भाऊ म्हणाले, "हे त पिवळं आहे! मंग मघाशी काऊन तसं दिसलं?"

एक वेगळी गंमत. संत्र्यासारखा केशरी पाहिजे असं सगळेच म्हणतात, पण आपलं नागपुरी संत्र तेवढं केशरी असतेच कुठं. आंबिया बहाराचं (हिवाळ्याच्या शेवटी फुललेलं) फळ हिरवटपिवळं असतानाच तोडाईला येते, रात्री गार पडल्याशिवाय सालीतला हिरवा जात नाही, म्हणून थंडीत पिकणारं मृगाच्या बहाराचं फळ जास्त रंगदार. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते चवीला अन् मातीला, सालीच्या रंगाला नव्हे. खऱ्या फळाला रंग जुळवला असता तर भाऊंनी मला लिंबू लावलं म्हणून हाकलून दिलं असतं.

२५ एप्रिल

काकाजींना घेऊन परत गेलो. चाळीस वर्षं गाड्या, दुकानं, शाळेच्या भिंती रंगवलेला माणूस, रेडियम कापायच्या प्लॉटरला "तुहं मशीन" म्हणतात अन् जवळ जात नाहीत, पण रंग पाहायची त्यांची पद्धत मी आज लक्ष देऊन पाहिली.

"काऊन रे पोट्ट्या, उनात काऊन धरून राह्यला? उनात पाह्यशीन त सगळंच चांगलं दिसते. सावलीत ये." सकाळची दहाच्या आसपासची वेळ. सकाळी लवकर अन् संध्याकाळी उजेडच पिवळा-तांबडा असतो, केशरी फुगून दिसते. पहिले फाळका खाली पाडला, बिजागरीमागची जागा आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं पुसली, धूळ रंग फिक्का करते. मग माझ्याकडून कार्डातला तुकडा काढून घेतला, नुसता जवळ धरला नाही, पेंटवर टेकवला, कड रंगाला चिकटून, मधे फट नाही. फट राहिली की सावलीची काळी रेघ येते अन् डोळा त्या रेघेमुळे दोन रंग वेगळे मानतो. मग पांढऱ्या पुठ्ठ्याला भोक पाडून ते दोन्हीवर असं ठेवलं की भोकात अर्धा पेंट अन् अर्धा तुकडा, बाकी काही दिसत नाही. आजूबाजूचा हिरवा दिसला तर केशरी उगाच जास्त लाल वाटते, म्हणून झाकायचं.

"आता पाह्य. अन् लै वेळ पाहू नोको." एकाच रंगाकडं टक लावली की डोळा थकतो, त्यानंतर जे पाहू ते फसवं. मधे राखाडी काहीतरी पाहायचं, काकाजी सिमेंटच्या भिंतीकडं पाहतात.

०३४ थोडा जास्तच लाल पडला. ०४७ फारच तांबडा. ०३५ भोकात ठेवला तर आधी कड दिसेना. मग काकाजी बाजूला झाले, खाली बसून पाहिलं, परत उभं राहून पाहिलं. पेंट जुना, चमक कमी झालेली, रेडियम ग्लॉसी, वरून पाहिलं तर रेडियम गडद, तिरपं पाहिलं तर आभाळाची चमक येऊन फिक्कं. चमक वेगळी असली की तोच रंगही वेगळा दिसतो, म्हणून दोन कोनांतून पाहून मधलं धरायचं. "जोयजोय हाये. याच्याहून जवळ ब्रशानंच येते, तुया मशिनीनं नाई."

रात्री दुकानात एलईडीखाली तोच तुकडा अन् बिजागरीवरून खरवडलेली पेंटची खपली शेजारी ठेवली तर दोन्ही सरळ सरळ वेगळे. सकाळी सावलीत परत एक. ही भानगड काकाजींना अनुभवानं माहीत होती, पुस्तकात तिला मेटॅमेरिझम म्हणतात. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे असले तर एका उजेडात जुळतात अन् दुसऱ्यात फुटतात. त्यात स्वस्त एलईडीत लाल उजेड कमी असतो, केशरीचा जीव तर लालमध्येच. जिथं गाडी दिसणार तिथला उजेड खरा. गाडी दिवसा रस्त्यावर दिसणार आहे, पेट्रोल पंपावर रात्री फुटली तर फुटू दे.

२९ एप्रिल

रंग ठरला पण माल अडला. ०३५ मी ६५१ मध्ये जुळवला, ते कॅलेंडर्ड. नाळ्यांसाठी कास्ट पाहिजे, म्हणजे ७५१. दुकानदार म्हणतो आकडा तोच आहे ना, मग झालं. नाही होत. दोन्ही तुकडे मागवून भोकाच्या पुठ्ठ्यात ठेवले, जवळजवळ एक आहेत, पण जाडी वेगळी, चमक वेगळी, कास्टचा जरा स्वच्छ दिसतो. दारावर एक अन् डाल्यावर दुसरा लावला असता तर दाराच्या मागच्या कडेला, जिथं पट्टा दारावरून डाल्यावर उडी मारतो, तिथंच नजर गेली असती.

म्हणून केशरी पूर्ण कास्टमध्ये, दारावरचंसुद्धा, अन् सगळं एकाच रिळेतून. एकाच कोडच्या दोन लॉटमध्येही फरक येऊ शकतो, म्हणून लागेल त्याहून थोडं जास्तच घेतलं अन् लॉट नंबर नोंदवहीत लिहिला. हिरवी अक्षरं मात्र सपाट जागीच बसवणार, तिथं पॉलिमेरिक, ०६० डार्क ग्रीन. पैसे तिथं वाचवले.

भाऊंना सांगितलं की पट्ट्याचा माल महाग का, नाळ्या दाखवल्या, मोर्शी रोडवरच्या दुधाच्या गाडीचा फोटो दाखवला. "लाव बाप्पा, पण हिशोब लिहून दे."

४ मे

डिझाइन. भाऊंना अक्षरं केशरीच पाहिजे होती. पांढऱ्या गाडीवर केशरी अक्षर जवळून सुंदर दिसते, पण वीस पावलं मागं गेलो की विरघळते. वाद घालण्यापेक्षा स्क्रीनवर दोन्ही करून फोटो काळापांढरा केला. रंगासाठी फोन निकामी, पण गडद-फिक्कं पाहायला एकदम कामाचा. काळ्यापांढऱ्यात केशरी नाव पुसट राखाडी, हिरवं नाव जवळपास काळं. भाऊ गप्प झाले अन् म्हणाले, "नंबर तरी मोठा घे."

मोबाइल नंबर मोठाच घेतला. साधा हिशोब असा धरतात की दर दहा फुटाला एक इंच उंची म्हणजे आरामात वाचता येते, पण तो इंग्रजी अक्षरांचा. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, "र्स" वरचा रफार, अक्षराच्या पोटाला उरते किती? नर्सरीतला रफार वितळून ठिपका होऊन राहिला होता, म्हणून जाड फाँट सोडून मध्यम घेतला.

कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) अजून एक काम, सगळी अक्षरं वेल्ड करणं, म्हणजे जोडून एकच आकार करणं. देवनागरीत शिरोरेषा एका अक्षरातून दुसऱ्यात घुसते, काना-मात्रा वेगळ्या तुकड्यात असतात, वेल्ड न करता प्लॉटरला दिलं तर तो प्रत्येक जोडावर ब्लेड फिरवतो अन् शब्दाचे तुकडे पडतात. आऊटलाइन व्ह्यूमध्ये जाऊन एकही आतली रेघ उरली नाही ना ते पाहायचं. अन् फाँट हिंदी वळणाचा होता, त्यातला ल अन् श भाऊंच्या घरच्या मास्तरीण वहिनींना चालला नाही, बदलला. बरोबरच आहे त्यांचं.

हिरवं केशरीवर चढवायचं नाही हेही ठरवून टाकलं. कास्टवर कॅलेंडर्ड चढवलं की वरचं आकसते, खालच्याला ओढते. शिवाय फिक्का रंग गडदवर लावला की खालचा रंग डोकावतो, केशरी अन् पिवळा तर हमखास. पांढऱ्या गाडीवर आपण वाचलो. हत्तीवर हाच केशरी हिरव्या पेंटवर लावला असता तर वेगळाच रंग निघाला असता.

८ मे

कटिंग. कास्ट पातळ म्हणून ब्लेडचा दाब कमी. कोपऱ्यात छोटा चौकोन कापून पाहायचा, रेडियम कापलं जावं अन् मागच्या कागदावर नुसता ओरखडा दिसावा.

दुपारी अक्षरांभोवतीचं नको असलेलं रेडियम सोलायला बसलो तर गोंद उष्णतेनं इतका मऊ की कापलेली कड परत चिकटून राहिली, रफार बाहेरच्या तुकड्यासोबत उठून यायला लागला. थांबलो. रात्री कूलर लावून, पण कूलरची ओली हवा सरळ मालावर येणार नाही अशा बेतानं बसलो तर चिमट्यानं भराभर सुटलं. या दिवसांत सोलायचं काम रात्रीचंच.

११ मे

गाडीचा पत्रा तपासला. दार कंपनीच्या पेंटचं, चिंता नाही. डाला मात्र भाऊंनी घेतल्या घेतल्या गॅरेजमध्ये परत पांढरा मारून घेतला होता, हे आज कळलं. ताज्या पेंटमधून सॉल्व्हंट बाहेर निघत राहते, वर रेडियम लावलं की त्याखाली फुगे धरतात. साधारण तीन आठवडे सोडायला पाहिजे. तारीख विचारली तर मार्च अखेर, म्हणजे झाले. तरी खात्रीसाठी एक तुकडा फाळक्याच्या आतल्या बाजूला चिकटवून दुसऱ्या दिवशी झटक्यानं ओढला, पेंट सोबत आला नाही.

डॅशबोर्डवाली पॉलिश कोणीतरी दारावरही चोळलेली. त्यात सिलिकॉन असते, त्यावर काहीच चिकटत नाही. शॅम्पूच्या पाण्यानं धुवायचं, सुकवायचं, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल, एका फडक्यानं लावायचं अन् ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं उचलायचं. झालं की नाही हे पाहायला पाणी मारायचं : पाणी सलग पसरलं तर स्वच्छ, थेंब थेंब झालं तर अजून चिकट आहे.

१५ मे

लावलं. दुपारी पांढऱ्या पत्र्यालासुद्धा हात लावता येत नाही, तेव्हा गोंद टेकला तिथंच धरतो, उचलून परत ठेवायची सोय नाही. गाडी रात्रभर गोडाऊनमध्ये, मी पाच वाजता हजर.

दाराची हिरवी अक्षरं ओल्यानं लावली, एक लिटर पाण्यात शॅम्पूचे दोन-चार थेंब. पाणी असलं की अक्षर सरकवून शिरोरेषा खिडकीच्या रबराशी समांतर करता येते. शिरोरेषा हीच देवनागरीची लेव्हल-बाटली, ती पाव इंच वाकली तरी सगळ्या गावाला दिसते. मधून बाहेर स्क्विजी (पाणी-हवा काढायची पट्टी), कडेला फेल्ट लावलेली, नाहीतर ओरखडे. मग मास्किंग (अक्षरं उचलून ठेवायला वरून लावलेला कागद) काढताना सरळ वर ओढायचं नाही, पत्र्याला लागून उलटं मागं न्यायचं, सावकाश.

नाळ्यांवरचा पट्टा कोरडा. तिथं पाणी तळात अडकते. पहिले वरच्या सपाट भागावर पट्टा टेकवला, नाळीवर तो पुलासारखा मोकळा राहिला. मग हीट गन लांबूनच फिरवली, रेडियम मऊ होऊन चमक जराशी बदलली की हातमोज्याच्या बोटानं नाळीच्या तळात मधोमध दाबायचं, तिथून दोन्ही चढांवर. आधी चढ दाबले तर तळात बसताना ते ताणले जाते, अन् ताणलेलं केशरी फिक्कं पडते, एवढी मेहनत करून जुळवलेला रंग त्याच नाळीत हरवतो. काकाजी स्टूलवर बसून पाहत होते. पहिली नाळ बसली तेव्हा उठून जवळ आले, नखानं तळ दाबून पाहिला अन् परत जाऊन बसले.

सात वाजता ऊन भिंतीवरून आलं, काम बंद.

१६ मे

दुसरी बाजू अन् फाळका. सगळं बसल्यावर नाळ्यांना परत उष्णता, यावेळी जास्त, नव्वद अंशांच्या वर, म्हणजे माल आपला जुना सपाट आकार विसरतो अन् नाळीचाच होतो. कास्टला हे केल्याशिवाय सोडायचं नाही. आठवडाभर प्रेशरनं धुवायचं नाही हे ड्रायव्हरला दोनदा सांगितलं.

मागच्या लाल अन् बाजूच्या पिवळ्या रिफ्लेक्टर पट्ट्या तशाच ठेवल्या, केशरी पट्टा त्यांच्या खालून नेला. त्या झाकल्या तर पासिंगला अडवतात, अन् अडवायलाच पाहिजे. ड्रायव्हरला बॉनेटपासून मागपर्यंत सगळी गाडीच केशरी पाहिजे होती. आरसीवर रंग पांढरा लिहिला आहे, गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते, हे ऐकून तो विषय तिथंच संपला.

२० मे

दोन्ही गाड्या परत शेजारी, दहा वाजता, उत्तरेच्या सावलीत. बिजागरीमागचा रंग अन् पिकअपचा पट्टा एकच. बाकी हत्ती नव्या गाडीपुढं फारच म्हातारा दिसून राहिला. भाऊ दोनदा चक्कर मारून आले अन् म्हणाले, "आता याचंही करून टाक."

काकाजी म्हणतात त्याचं ते ब्रशनं परत करतील. भाऊ म्हणतात रेडियमच. दोघांचं बोलणं अजून चालू आहे. रेडियम लावायचं ठरलं तर त्याचा पिठूळ झालेला पेंट घासून, परत पांढरा मारून, तीन आठवडे मोकळा ठेवावा लागेल, अन् तोपर्यंत पाऊस. काकाजींचा डबा आठ दिवसांत होते. मी भाऊंना खरं तेच सांगितलं.

२८ मे

नाळ्या पाहिल्या, या हप्त्यातल्या उन्हातही तळ सुटला नाही. एका जागी, डिझेल टाकीच्या वर, कड केसभर उचललेली, तिथं डिझेल सांडते. तेवढी कड गोल कापून दिली, टोकदार कोपरा आधी उचलतो.

केशरी जे उरलं ते नळीवर गुंडाळून उभं ठेवलं, वर कोड, लॉट नंबर अन् भाऊंच्या नर्सरीचं नाव. हत्तीचं काम शेवटी काकाजींकडेच गेलं. ते माझ्याकडून ०३५ चा तुकडा घेऊन गेले, डबा त्याला जुळवणार म्हणे. माझे निम्मे पैसे बाकी आहेत, कलमांची विक्री सुरू झाली की देतो म्हणाले भाऊ.